मावशीचा डोळा आणि गाडीचं नाक

दुकानदार विचारायचा, गाडी कोणती? मी गाडीचं नाव सांगायचे. तो आत जाऊन चौकोनी एअर फिल्टर आणायचा. मी म्हणायचे, हा नाही बसणार, इंजिन दुसऱ्या गाडीचं आहे. मग तो विचारायचा, कोणत्या गाडीचं? तेही मी सांगायचे. तो पुन्हा आत जाऊन गोल फिल्टर आणायचा. मी म्हणायचे, हाही नाही बसणार, कारण इंजिन त्या गाडीचं असलं तरी गाडी ती नाही. एवढं झाल्यावर तो माझ्याकडे असा बघायचा, जसं मी पिऊन दवाखान्यात आलेल्या माणसांकडे तीस वर्षं बघत आले. आणि अगदी गोड आवाजात सांगायचा, घरातल्या कुणाला तरी पाठवा.

"घरातलीच आहे मी," असं एकदा मी म्हटलं. त्याला ते उद्धट वाटलं. होतंच.

ही पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा मी तरुण होते, एकसष्ट वर्षांची. नर्सच्या नोकरीतून निवृत्त होऊन थोडीच वर्षं झालेली. गुडघे शाबूत, आणि आपल्याला सगळं कळतं ही खात्री गुडघ्यांपेक्षा शाबूत. आज त्या बाईची आठवण आली की तिला समोर बसवून एक इंजेक्शन द्यावंसं वाटतं, जरा बोथट सुईचं.

इंजिन का बदलावं लागलं हे मी माझ्या लेकीलाही अजून सांगितलेलं नाही. माझी व्हॅन जुनी. तिचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं, म्हणजे चालवणारा इंजिनावरच बसतो, अंडी उबवणाऱ्या कोंबडीसारखा. एक दिवस समोर एक लाल दिवा लागला, तेलाच्या किटलीचं चित्र असलेला. दोन-तीन दिवस तो लागलेलाच राहिला. डोळ्यांना फार टोचायला लागला, तेव्हा मी त्यावर टिकली चिकटवली. मोठी, मरून रंगाची. दिवा दिसेनासा झाला आणि आठवड्याभरात इंजिन जाम झालं. मिस्त्रीने ती टिकली पाहिली, काढली, बोटावर घेऊन बराच वेळ निरखली आणि मला परत दिली. माणूस चांगला होता.

त्याचं गॅरेज कोन गावाच्या पुढे, रस्त्याला लागून. मला तो सिस्टर म्हणायचा, कारण त्याच्या दोन्ही मुलींना लशी मीच टोचल्या होत्या. त्याने अपघातात चेपलेल्या एका गाडीचं इंजिन शोधून आणलं, जरा मोठं आणि पुष्कळ नवं. परवानगी, तपासणी, कागदावर इंजिनाच्या नंबराची नोंद, हे सगळं झालं. इंजिन बसलं, चालूही झालं. आणि मग मिस्त्री म्हणाला, सगळं झालं, फक्त नाक राहिलं.

नाक म्हणजे एअर फिल्टर. इंजिन हवा ओढतं, ती गाळून आत जायला हवी. माझ्या जुन्या गाळणीचं तोंड डावीकडे, नव्या इंजिनाचं उजवीकडे. त्या चेपलेल्या गाडीचा डबा एवढा मोठा की तो बसवला तर बॅटरी मांडीवर घेऊन गाडी चालवावी लागली असती. मिस्त्री म्हणाला की बाजारात बाहेरचे फिल्टर मिळतात, कुठल्याही गाडीला लागणारे, त्यातला एखादा बघून घ्या, पण घेण्याआधी मला दाखवा. त्यातलं शेवटचं वाक्य माझ्या कानापर्यंत आलंच नाही.

आता घाई कसली होती ते सांगते, नाहीतर म्हाताऱ्या बाईला गाडीची हौस एवढंच वाटेल.

वाड्याला जाणाऱ्या रस्त्याने आत गेलं की डोंगराच्या पायथ्याशी एक पाडा आहे. माझी पहिली नेमणूक त्या भागातली. तिथे एक सुईण होती, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. मी तिला मावशी म्हणते. आम्ही दोघींनी मिळून त्या डोंगरातली कितीतरी बाळं हातात घेतली. सुरुवातीला मी तिला खूप शिकवलं आणि नंतर गुपचूप तिच्याकडून शिकले. तर मावशीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. तांदळात खडा कुठला आणि दाणा कुठला ते कळेना. बांधावरून चालताना एकदा खाली खाचरात पडली. पण डोळ्यात कुणी सुरी घालणार हे तिला काही केल्या मान्य होईना. दोन वर्षं मी तिच्या मागे होते. शेवटी एका दुपारी, कशाने कोण जाणे, ती म्हणाली, "ने. पन तू सोबत हाय तर."

ठाण्याच्या डोळ्यांच्या दवाखान्यातून मी तारीख घेतली. मावशी एकदा नाही म्हणाली की विषय संपतो, हे मला माहीत होतं. ती हो म्हणालेली होती तेवढ्यात तिला तिथे पोचवायचं होतं. आणि मी तिला सांगून बसले होते, माझ्या गाडीतून नेते, अगदी दारातून दारात. एसटीने जाता आलं असतं. रिक्षाने जाता आलं असतं. पण त्या एकसष्ट वर्षांच्या शहाणीला गाडीतूनच न्यायचं होतं. पाड्यावरच्या सगळ्यांनी बघायला नको का, सिस्टर गाडी चालवत येते ते?

मग कल्याण नाक्याची दुकानं पालथी घातली. गाडी कोणती, इंजिन कोणतं, घरातल्या कुणाला पाठवा. फोनवरूनही मागवून पाहिलं. त्यात आधी कंपनी निवडा, मग मॉडेल निवडा, मग वर्ष निवडा. माझी गाडी अर्धी एका ओळीत आणि अर्धी दुसऱ्या ओळीत. दोनदा पार्सल आलं, दोनदा परत गेलं. तिसऱ्यांदा पार्सलवाल्यानेच मला विचारलं, मावशी, ह्या वेळेला उघडू तरी की असंच परत नेऊ?

शेवटी एका दुकानात काचेच्या कपाटात तो दिसला. शंकूच्या आकाराचा, वर चकचकीत टोपी, खाली लालभडक जाळी. नुसत्या उघड्या जाळीचा, डबा नाही, झाकण नाही. दुकानदार म्हणाला, आंटी, याने पॉवर वाढेल. कोणत्याही गाडीला बसतो. मी विचारलं, कोणत्याही? तो म्हणाला, कोणत्याही. इतक्या दिवसांनी "कोणती गाडी" असं न विचारणारा माणूस भेटला, याचा मला एवढा आनंद झाला की मी दुसरा प्रश्नच केला नाही. आणि खरं सांगायचं तर तो दिसायला फार देखणा होता. सीटखाली झाकून ठेवायच्या वस्तूचं रूप बघून तिला पसंत करणारी बाई मी. माझ्या आईने माझ्या लग्नाच्या वेळी मला जो इशारा दिला होता तो असाच काहीतरी होता.

मिस्त्रीने तो लावला, पण तोंड वाकडं करून. म्हणाला, हा इंजिनाच्या शेजारची गरम हवा ओढणार, आणि खालून रस्त्याची धूळ. उघडा आहे ना. आणि तुमच्या गल्लीत लूम किती. मी म्हटलं, लावा हो. त्याने लावला. गाडी सुरू केली तर सीटखालून असा हुंकार आला की मला आपण वीस वर्षांच्या झाल्यासारखं वाटलं. दोन दिवस मी उगाचच राहनाळपर्यंत जाऊन यायचे, भाजी आणायच्या निमित्ताने. भाजी घराखाली मिळते.

भिवंडीत आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना लूमचे, म्हणजे यंत्रमागाचे कारखाने. कापसाची बारीक रुई दिवसभर हवेत तरंगत असते. दोरीवरचे कपडे, पापणीचे केस, चहाची साय, सगळ्यावर ती बसते. आम्हाला त्याचं काही वाटत नाही. दहा-बारा दिवसांनी गाडी दमेकऱ्यासारखी चालायला लागली, म्हणून मी सीट उचलून बघितलं. त्या देखण्या लाल फिल्टरला पांढरी दाढी आली होती. चांगली घट्ट, ओढली तर पापुद्र्यासारखी निघेल अशी.

मी तो काढला, निरम्याच्या पाण्यात धुतला, उन्हात वाळवला. खोक्यावर लिहिलं होतं की धुतल्यावर तेल लावा. बरोबर एक बारकी बाटली दिली होती, ती मी कुठे ठेवली होती ते मला आजही माहीत नाही. पण तेल म्हटल्यावर मी कशाला अडते? माझे वडील लूमवर जॉबर होते, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा माणूस. मी लहानपणी डबा घेऊन जायचे तेव्हा त्यांच्या हातात सदा तेलाची बुधली. माग कुरकुरला, तेल. शटल अडकलं, तेल. दाराची बिजागरी, शिलाई मशीन, माझी सायकल, सगळ्यांवर एकच इलाज. ह्या गावात वाढलेल्या माणसाला तेल कमी पडलं याची भीती असते. जास्त झालं, हा विचारच आमच्या डोक्यात येत नाही. समोरच्या कारखान्यातून मी वाटीभर लूमचं तेल मागून आणलं आणि फिल्टर त्यात पुरणपोळीला तूप लावावं तसा दोन्ही बाजूंनी भिजवला. वर थोडं आणखी, मनापासून. आणि बसवून टाकला.

दुसऱ्याच दिवशी मावशीची तारीख.

पहाटे पाड्यावर गेले. मावशी नवं लुगडं नेसून उंबऱ्यावर बसली होती, पिशवी मांडीवर. पोरंटोरं गाडीभोवती जमली, मी दोनदा विनाकारण हॉर्न वाजवला. भिवंडीपर्यंत गाडी आली, जरा खोकत, पण आली. पूर्णा गावाच्या गोदामांजवळ दोन्ही बाजूंना कंटेनर, मध्ये आम्ही, आणि तिथे ती बंद पडली. किल्ली फिरवली की सुरू व्हायची, दोन हात पुढे जायची, मरायची. मागून ट्रकवाले काय काय बोलले ते मावशीला हिंदी येत नसल्यामुळे कळलं नाही. मला येते.

मिस्त्रीला फोन केला, तो यायला दोन तास लागले. रिक्षा बघायला गेले तर एकही रिकामी थांबेना. दवाखान्यात फोन केला तर तिथली मुलगी शांतपणे म्हणाली, आजची यादी संपली, पुढची तारीख महिन्याने. मावशी सीटवर तशीच बसून होती. तिला बाहेरचं काही दिसत नव्हतं, नुसता उजेड आणि हलणाऱ्या मोठ्या सावल्या. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "बाय, आपन ठान्याला पोचलो काय?"

मला वाटतं नोकरीच्या तीस वर्षांत मला एवढं ओशाळल्यासारखं कधी झालं नव्हतं.

मिस्त्रीने सीट उचलली, नळी काढली आणि बोट आत फिरवून मला दाखवलं. काळं, चिकट. त्या नव्या इंजिनात हवा मोजणारी एक बारीक तार असते. फिल्टरवरचं तेल हवेबरोबर आत ओढलं गेलं, तारेवर बसलं, त्यावर रुई चिकटली, आणि इंजिनाला आपण किती हवा घेतोय तेच कळेना. हे मला त्याने नंतर समजावलं. तेव्हा तो एवढंच म्हणाला, "सिस्टर, ये लूम नहीं है."

मावशीला मी घरी सोडलं, एसटीने. उतरताना ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे आता. एक डोला दिसतो थोडा. तेवढा पुरं." तेच मला नको होतं. आठवडाभर मी रोज तिच्या नातवाच्या फोनवर फोन करायचे आणि ती रोज कामात असायची. शेवटी मी पाड्यावर जाऊन तिच्या ओटीवर ठाण मांडलं आणि उठलेच नाही, तेव्हा संध्याकाळी ती म्हणाली, बरं, येते, पण माझ्यामागची ही रोजची कटकट बंद कर.

आता कुणीही शहाण्या बाईने गाडीचा नाद सोडला असता. मी पुन्हा फिल्टर शोधायला लागले. ह्यावेळी माझा हट्टाचा पण होता. ह्या गाडीने तिची तारीख बुडवली, तर हीच गाडी तिला तारखेला नेणार. पणाला अर्थ नसला की तो जास्त घट्ट होतो.

फोमचा घेतला, तो तोंडाला सैल. कुणी म्हणालं, फिल्टरच नको, पातळ कापड बांधा. ते मी केलंही असतं, पण मिस्त्रीने हात जोडले. एका दुकानदाराने मला लांबून येताना पाहिलं आणि तो जेवायला गेला. सकाळचे दहा वाजले होते.

ज्याने सोडवलं तो राहनाळचा. गोदामांच्या तोंडाशी तीनचाकी टेम्पोंच्या सुट्या भागांची एक टपरी आहे, तिथला म्हातारा. मी सवयीने माझं रामायण सुरू केलं, गाडी एक आणि इंजिन दुसरं. त्याने हात वर करून थांबवलं.

"गाडी कुठली ते मला नको. पाईपचं तोंड किती इंच? आणि फिरता कुठे, धुळीत का चांगल्या रस्त्याला?"

इतके दिवस फिल्टर शोधत फिरले होते आणि ज्या तोंडाला तो लावायचा ते मी एकदाही मोजलं नव्हतं. पर्समध्ये टेप होती, बाळांच्या डोक्याचा घेर मोजायची, जुनी सवय. गाडी अडखळत का होईना तिथवर आणली होती, तिथेच सीट उचलून नळीला टेप लावली. आजवर मोजलेल्या सगळ्या डोक्यांपेक्षा लहान. म्हाताऱ्याने माळ्यावरून टेम्पोचा एक काळा प्लास्टिकचा डबा काढला, आत साधा घड्याघड्यांचा कागदी फिल्टर. म्हणाला की इंजिन मोठं आहे म्हणून कागद मोठा घ्या, डबा बंद हवा, आणि नळी लांब करून पुढच्या दिव्यामागून थंड हवा घ्या. धुवायचा नाही. तेल लावायचं नाही. मळला की फेकायचा, नवा घालायचा. तेल हा शब्द उच्चारताना त्याने माझ्याकडे जरा रोखून बघितलं असं मला वाटलं, पण त्याला कसं माहीत असणार?

डबा कुरूप होता. बुटाच्या खोक्यासारखा. मिस्त्रीने तो पट्ट्यांनी आवळून बसवला, तार साफ केली, नळी पुढे नेली. गाडी सुरू झाली ती अशी गप्प की मी खाली वाकून ऐकलं, चालू आहे ना. तीन दिवस मी ती सगळीकडे फिरवली, पूर्णाला कंटेनरांच्या मधोमध मुद्दाम नेऊन उभी केली, बंद केली, चालू केली. एकदाही अडखळली नाही. मग मावशीच्या दारात नेऊन लावली, तारखेच्या दिवशी, सकाळी.

मावशी बाहेर आली. हात पुढे करून तिने गाडीचा पत्रा चाचपला, ओळखला, आणि वळसा घालून सरळ रस्त्याकडे चालायला लागली.

मी मागे धावले. सांगितलं की आता नवा फिल्टर आहे, डबा बंद आहे, थंड हवा आहे, तीन दिवस तपासली आहे. ती थांबली नाही. म्हणाली, "तुझी गाडी बरी झाली ना? मग तिला ऱ्हाऊ दे बरी. मला डोल्याला जायचा हाय. मी न्हाय बसत."

आणि आम्ही एसटीने गेलो. उभ्याने भिवंडी, मग रिक्षात चौघांत दाबून ठाणे. मी संपूर्ण रस्ताभर चरफडत होते, मनातल्या मनात तिच्याशी भांडत होते, पाईपचा व्यास तिला सांगत होते. आम्ही वेळेच्या तासभर आधी पोचलो. तिचं नाव पुकारलं, ती माझा हात सोडून आत गेली, आणि तेव्हा मला कळलं की दीड महिना मी जे शोधत होते ते तिला कधी लागलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सोडताना डॉक्टरीण बाईंनी बजावलं, धूळ नको, वारा नको, बसच्या खिडकीत तर अजिबात नको. डोळ्यावर हिरवी पट्टी, वर काळा चष्मा. आता गाडीवाचून इलाज नव्हता, आणि मी ती आदल्या संध्याकाळीच पाड्यावरून घेऊन आले होते, दवाखान्याच्या दाराशी लावून. मावशी पत्रा चाचपून आत बसली. मी मनात म्हटलं, बघ आता.

पूर्णाजवळ कंटेनरांची रांग लागली. धुळीचा लोट आला. मी माझी काच वर केली आणि तिला म्हटलं, मावशी, काच चढव. ती दांडा फिरवत राहिली. दांडा नुसताच फिरत होता. तिच्या बाजूची काच चार वर्षांपासून वर येत नव्हती, आणि ते मला माहीत होतं, आणि त्या दीड महिन्यात एकदाही मला आठवलं नव्हतं.

गाडी कडेला घेतली. मागच्या सीटवरची चादर काढली, तिचं एक टोक दाराच्या वर खोचलं, दुसरं खाली दाबून दार लावलं. तेवढ्यात तिच्या चष्म्यावर बारीक धूळ बसलीच होती. मी पदराने पुसायला गेले तर तिने माझा हात बाजूला केला.

"बाय, तुझ्या इंजनाला गालून वारा," ती म्हणाली, "न मला तसाच?"

मी चादर आणखी खोचली आणि पहिल्या गिअरमध्ये गाडी काढली. पाड्यापर्यंत दीड तास लागला. त्या दीड तासात ती माझ्याबद्दल बरंच काही बोलली, माझ्या पहिल्या नेमणुकीपासून. इंजिन इतकं गुपचूप चाललं होतं की त्यातला एक शब्दही ऐकायचा राहिला नाही.